पावती क्रमांक ११८

मंडळी, आज जरा तांत्रिक लिहिणार आहे. मराठी घेऊन बीए झालेल्या आणि चौतीस वर्षं शाळेत समास नि अलंकार शिकवलेल्या माणसानं डेटाबेस आणि थ्रेड या विषयावर लिहावं, हे काहींना गमतीचं वाटेल. वाटू दे. हे लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही, कारण या भानगडीत मी एका निरपराध मुलीला चारचौघांत नको ते बोललो आहे.

तर सुरुवातीपासून सांगतो.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरात बसून बसून कंटाळा आला, तेव्हा पुण्याच्या भाच्यानं फोनवरून मला पायथॉन शिकवायला घेतलं. वय वर्षं सत्तर. पण खरं सांगू? व्याकरण शिकवलेल्या माणसाला ती भाषा फारशी परकी वाटत नाही. शब्दांची जागा चुकली की ती तिथल्या तिथे हटकते, आणि हटकणाऱ्याबद्दल मला शाळेपासूनच आदर आहे. वर्षभरात बेरजा-वजाबाक्यांचे खेळ संपले आणि काहीतरी उपयोगाचं लिहावंसं वाटू लागलं. आमच्या गावच्या वाचनालयाचा मी अनेक वर्षं कार्यकारिणी सदस्य. तिथली दाखल नोंदवही, देवघेवीचं रजिस्टर, वर्गणीचं पावतीपुस्तक हे सगळं मला पाठ. म्हटलं, हेच संगणकावर आणू.

माहिती साठवायला भाच्यानं एसक्यूलाईट सुचवला. एसक्यूलाईट म्हणजे प्रोग्रामच्या पोटात राहणारा डेटाबेस. मोठ्या डेटाबेसांना वेगळा सर्व्हर लागतो, तो सतत चालू ठेवावा लागतो, त्याच्याशी दुरून बोलावं लागतं. याला तसं काही नाही. तुमच्या प्रोग्रामचाच तो एक भाग होतो आणि सगळी माहिती एका साध्या फाईलमध्ये ठेवतो. २००० साली रिचर्ड हिप या अमेरिकन गृहस्थांनी तो लिहिला. ते अमेरिकन नौदलाच्या एका युद्धनौकेसाठीच्या प्रोग्रामवर काम करत होते, आणि डेटाबेसचा सर्व्हर बंद पडला की त्यांचा चांगला प्रोग्रामही बंद पडायचा. शिव्या मात्र प्रोग्रामला. तेव्हा सर्व्हरच नको, असा विचार त्यांनी केला. आज तुमच्या खिशातल्या फोनमध्येही तो आहे, अँड्रॉईड असो की आयफोन. फुकट आहे, स्वामित्वहक्कही त्यांनी सोडून दिलेला आहे. मला हे फार आवडलं. असो.

माझा प्रोग्राम दोन वर्षं सुरळीत चालला. एक संगणक, एक टेबल, एक माणूस.

आता दिवाळी अंकांविषयी. आमच्याकडे दिवाळी अंक योजना असते. तीनशे रुपये भरायचे आणि मोसमभर वाचनालयात येतील तेवढे अंक वाचायचे. दिवाळीनंतरचे पंधरा दिवस टेबलासमोर अशी गर्दी असते की एरवी वर्षभर सभासद कुठे असतात असा प्रश्न पडावा. २०२३ च्या दिवाळीत ठरलं की दोन टेबलं लावायची. एकावर आमची मदतनीस बसेल, ती योजनेचे पैसे घेऊन पावती छापून देईल. दुसऱ्यावर मी बसेन, अंक देईन आणि परत घेईन. डेटाबेस तिच्याच संगणकावर ठेवायचा आणि माझ्या टेबलावरून ब्राउझरमधून तो वापरायचा. त्यासाठी प्रोग्रामला छोट्या वेब सर्व्हरचं रूप दिलं.

इथे थ्रेड आला. थ्रेड म्हणजे धागा. एकच प्रोग्राम एकाच वेळी अनेक कामं ओढतो, त्यातली प्रत्येक ओढ म्हणजे एक धागा. तिच्या टेबलावरून मागणी आली की एक धागा, माझ्याकडून आली की दुसरा. दोघंही त्याच प्रोग्रामच्या पोटात आणि दोघांसमोर तीच फाईल.

पहिल्याच चाचणीला पायथॉननं हटकलं. डेटाबेसशी बोलायला आपण आधी एक जोडणी उघडतो, तिला कनेक्शन म्हणतात. मी प्रोग्राम सुरू होताना एक कनेक्शन उघडून ठेवलं होतं आणि तेच सगळ्यांना वापरायला दिलं होतं. पायथॉनचं म्हणणं, ज्या धाग्यानं हे उघडलं त्यानंच वापरावं, दुसऱ्यानं हात लावू नये. शोधाशोध केल्यावर कळलं की ही तपासणी बंद करता येते. चेक-सेम-थ्रेड नावाचा एक पर्याय आहे, तो ‘नाही’ असा द्यायचा. मी दिला. आरडाओरडा थांबला. ती तपासणी बंद केलीत तर लिहिण्याची रांग लावणं तुमच्याकडे लागलं, असं त्याच जागी लिहिलेलं होतं. ते मी वाचलं नाही. प्रश्नपत्रिकेवरच्या सूचना नीट वाचा, असं पोरांना चौतीस वर्षं सांगणारा मी!

चौथ्या-पाचव्या दिवशी रात्री गल्ला मोजला तर तीनशे रुपये जास्त. कमी नव्हे, जास्त. हिशेब केलेल्यांना ठाऊक असेल, जास्त निघालेला पैसा कमी निघालेल्यापेक्षा वाईट असतो. पैसे घेतले आणि नोंद नाही, असा त्याचा सरळ अर्थ. म्हटलं, गर्दीत राहिलं असेल. दोन दिवसांनी पुन्हा सहाशे जास्त.

आणि मग एक जुने सभासद पावती घेऊन आले. त्यांना घरी पत्ता बदललेली पावती हवी होती. पावती क्रमांक ११८. मी संगणकात ११८ काढली तर ती एका बाईंच्या नावावर, वेळही सात-आठ मिनिटं नंतरची. बाईंना फोन केला. त्यांच्याकडेही पावती होती. क्रमांक ११८. दोन माणसं, दोन पावत्या, एक क्रमांक. आजोबांची पावती संगणकात कुठेच नाही, पण सभासदांच्या यादीत मात्र त्यांच्या नावापुढे ‘योजना: होय’ अशी खूण!

एका क्रमांकाच्या दोन पावत्या फाडणं हा पैसे खाण्याचा सर्वांत जुना प्रकार. शाळेत फीचा हिशेब बघितलेला असल्यानं माझ्या डोक्यात दुसरा विचार आलाच नाही. नाही म्हणायला संगणक तपासला. एसक्यूलाईटला आपली फाईल शाबूत आहे का हे विचारायची एक आज्ञा असते. ती दिली. उत्तर आलं, ‘ओके’. झालं! संगणक बरोबर, म्हणजे माणूस चूक.

मी तिला सभासदांसमोरच विचारलं. काय बोललो ते सगळं इथे लिहीत नाही. “पावत्यांशी खेळ चालत नाही” हे त्यातलं सौम्य वाक्य. ती फक्त म्हणाली, “सर, मी एक पावती दोनदा छापली नाही.” आणि दुसऱ्या दिवसापासून आली नाही. तिचे वडील माझे विद्यार्थी. त्यांनीही फोन केला नाही. ते जास्त लागलं.

दोन दिवसांनी तिचा धाकटा भाऊ एक शंभर पानी वही आणून देऊन गेला. ताईनं द्यायला सांगितली आहे, एवढंच म्हणाला. तिचा संगणकावर पूर्ण विश्वास नव्हता (शहाणी मुलगी!), म्हणून ती प्रत्येक पावतीची नोंद वहीतही करत होती. नाव, रक्कम, घड्याळात पाहून वेळ. मी रात्री बसून वही आणि संगणक ताडून पाहिले. संगणकात पाच पावत्या कमी. वहीत पाचही होत्या, पैशांसकट. चौथ्या आणि पाचव्या पावतीचे पैसे मी अजून मोजलेलेही नव्हते. लपवणारी मुलगी असं का लिहून ठेवेल?

मग भाच्याला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मामा, एकच कनेक्शन सगळ्या धाग्यांना दिलंय का तुम्ही?”

“हो. पण फाईल तर ‘ओके’ म्हणतेय.”

“फाईल ओकेच असणार. तुमचा रोलबॅक कुठे कुठे आहे ते बघा.”

त्याच्या बोलण्यातून आणि पुढचे चार दिवस वाचून जे समजलं ते माझ्या भाषेत सांगतो.

डेटाबेसमध्ये व्यवहार नावाची गोष्ट असते, इंग्रजीत ट्रान्झॅक्शन. योजनेचे पैसे घेणं हा एक व्यवहार. त्यात पावतीची ओळ लिहायची आणि सभासदाच्या नावापुढे खूण करायची, अशा दोन क्रिया. दोन्ही व्हाव्यात किंवा एकही होऊ नये. मी त्याला वाक्य म्हणतो. कर्ता लिहिला, कर्म लिहिलं, क्रियापद लिहिलं, पूर्णविराम दिला की वाक्य झालं. तो पूर्णविराम म्हणजे कमिट. मध्येच चुकलं तर वाक्याच्या सुरुवातीपर्यंत सगळं खोडायचं, तो रोलबॅक.

आता मर्माची गोष्ट. हे वाक्य धाग्याचं नसतं, कनेक्शनचं असतं. एका कनेक्शनवर एका वेळी एकच वाक्य उघडं राहू शकतं. मी दोन माणसांना एक वही आणि एक पेन देऊन बसवलं होतं. तिनं अर्धं वाक्य लिहिलं की माझे शब्द त्याच वाक्यात जाऊन पडत. मी पूर्णविराम दिला तर तो तिच्या अर्ध्या वाक्यावर पडे. आणि मी खोडलं तर तिचं अर्धं वाक्यही खोडलं जाई.

मग एसक्यूलाईट धाग्यांसाठी सुरक्षित आहे असं म्हणतात ते खोटं का? खोटं नाही. नेहमीच्या मांडणीत तो स्वतःच्या दाराला कडी लावतो. एका कनेक्शनवर एका क्षणी एकच धागा आत. एकाचं अक्षर दुसऱ्याच्या अक्षरावर चढत नाही, पान फाटत नाही. म्हणून तर फाईल ‘ओके’ होती. पण कडी दर शब्दापुरती असते. वाक्य कुणाचं, कुठे सुरू झालं, कुठे संपायचं होतं, हे त्याला कसं कळावं? ते मी सांगायला हवं होतं. वही शाबूत होती आणि मजकूर चुकीचा, आणि मी वही बघून मुलीला दोष दिला.

माझ्या प्रोग्राममध्ये क्रम असा होता. तिच्या टेबलावर पावतीची ओळ लिहायची, डेटाबेस देईल तो क्रमांक घ्यायचा, पावती छापायला पाठवायची, छापून झाली की सभासदापुढे खूण करायची आणि कमिट. आमचा छपाईयंत्र नावाचा डबा चार सेकंद घरघरतो. ती चार सेकंद वाक्य उघडं. इकडे माझ्या टेबलावर, आधीच कुणाकडे गेलेल्या अंकाचा क्रमांक मी चुकून टाकला की डेटाबेस ती ओळ नाकारे आणि माझा प्रोग्राम वर आणखी रोलबॅक करी. खरं तर नाकारलेली ओळ डेटाबेसनं लिहिलेलीच नसते, माझ्यापुरतं खोडण्यासारखं काही नव्हतंच. पण रोलबॅक झाला आणि तिची नुकती लिहिलेली पावती पुसली गेली. कागद मात्र यंत्रातून बाहेर येतच होता. मग तिच्या धाग्यानं सभासदापुढे खूण केली, ती नव्या वाक्यात गेली, आणि कमिट झालं. कुठेही लाल अक्षरं नाहीत. पावती गेली, खूण राहिली. आणि ११८ क्रमांकाची ओळच उरली नाही म्हटल्यावर पुढच्या बाईंना डेटाबेसनं प्रामाणिकपणे ११८ हाच क्रमांक दिला.

माझ्या चुकीच्या क्रमांकांची नोंद प्रोग्राम एका वेगळ्या फाईलमध्ये वेळेसह ठेवत होता. ती उघडली आणि तिची वही शेजारी ठेवली. पाचही हरवलेल्या पावत्या, त्याच मिनिटाला माझ्या टेबलावर एक चूक. पाचापैकी पाच. पैसे खाल्ले म्हणून जिला बोललो, तिच्या पावत्या माझ्या जाड बोटांनी पुसल्या होत्या.

त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी तिच्या घरी गेलो. तिचे वडील दारातच होते, “या सर” म्हणाले, चहा झाला. मी तिला सगळं सांगितलं, वहीची पानं आणि माझी फाईल समोर ठेवून. तिनं शांतपणे दोन्ही ताडून पाहिली. मग म्हणाली, “सर, तुम्ही हे त्या दिवशी बघायला हवं होतं.” मी म्हटलं, “हो गं, हवं होतं.” आणखी काय बोलणार? चारचौघांत बोललो होतो, म्हणून पुढच्या कार्यकारिणीत चारचौघांसमोर चूक कबूल केली आणि ती इतिवृत्तात लिहवून घेतली. ती चार दिवसांनी परत आली. तोपर्यंत एकच टेबल चालवलं.

आली त्या संध्याकाळी वाचनालय बंद झाल्यावर आम्ही प्रयोग केला. तिनं खोट्या नावानं पावती छापायला टाकली, यंत्र घरघरू लागलं आणि मी मुद्दाम चुकीचा क्रमांक दाबला. पावती गायब! पुन्हा केलं. पुन्हा गायब. दोन वर्षं एकट्यानं चालवताना हे कधी झालं नाही, कारण मध्ये खोडायला दुसरं कुणी नव्हतंच. अशा चुका एकट्या माणसाला दिसत नाहीत.

दुरुस्ती तशी छोटी होती. प्रत्येक मागणीला स्वतःचं कनेक्शन द्यायचं, काम झालं की बंद करायचं. दोघांच्या दोन वह्या. मग माझा रोलबॅक माझ्याच वाक्यापुरता. त्या तपासणीचा पर्याय काढून टाकला, पायथॉनला पुन्हा हटकू दिलं. आणि छपाई कमिटच्या नंतर नेली. पूर्णविराम आधी, घरघर नंतर. कागद अडकला तर पावती पुन्हा छापता येते.

पण कनेक्शनं वेगळी केली म्हणजे भांडण मिटलं असं नाही, ते उघड्यावर आलं. दुसऱ्याच दिवशी माझ्या पडद्यावर लाल अक्षरं, डेटाबेसला कुलूप आहे! वार्षिक वर्गणीच्या पानावर छपाई अजून कमिटच्या आधीच राहिली होती, मी बदलायची विसरलो होतो. तिकडे कागद संपला, वाक्य उघडं राहिलं, कुलूप लागलेलं. माझ्या धाग्यानं पाच सेकंद वाट पाहिली (पायथॉनमध्ये न सांगता तेवढीच पाहतात) आणि हात टेकले. मला राग आला नाही. आधीची चूक गप्प होती, ही ओरडली तरी.

हे कुलूप कसं चालतं ते मला शाळेच्या सूचनाफलकावरून समजलं. फलक वाचायला कितीही जण उभे राहू शकतात. लिहिणारा एकच. लिहिणारा आधी सांगून ठेवतो की मी लिहिणार आहे, तरी बाकीचे वाचत असतात, फक्त दुसरा लिहिणारा चालत नाही. त्याची तयारी झाली की शिपाई दाराशी उभा राहून नवीन कुणाला आत सोडत नाही, आतले बाहेर पडू देतो. शिपाई नसेल तर वाचणारे येतच राहतील आणि लिहिणाऱ्याला दिवसभर खडू हातात घेऊन उभं राहावं लागेल. सगळे बाहेर गेले की तो एकटा लिहितो. एसक्यूलाईटच्या कुलपांना याच पायऱ्या आहेत. हिपसाहेबांनी आमच्या शाळेचा शिपाई पाहिला नसणार, पण विचार तोच.

यात एक फसवी जागा आहे, ती भाच्यानं दाखवली. मी आधी ‘हा अंक आत आहे का’ असं वाचत असे आणि मग ‘दिला’ असं लिहीत असे, दोन्ही एकाच व्यवहारात. दोन धाग्यांनी तसंच केलं तर काय होईल? दोघंही फलकासमोर वाचत उभे. एक म्हणतो मी लिहिणार, पण दुसरा हलल्याशिवाय त्याला लिहिता येत नाही. दुसऱ्यालाही लिहायचं आहे, म्हणून तो हलत नाही. ‘आधी आप’ म्हणत दोघं दिवसभर उभे राहतील. एसक्यूलाईट हे ओळखतो आणि अशा वेळी एकाला वाट न पाहताच परत पाठवतो, वाट पाहण्याची मुदत कितीही द्या. उपाय साधा आहे. लिहायचं आहे हे माहीत असेल तर व्यवहार सुरू करतानाच तसं सांगायचं, त्याला ‘बिगिन इमिजिएट’ म्हणतात. मग दुसरा दाराबाहेरच थांबतो, मुदतभर. मी मुदत दहा सेकंद केली आहे.

शेवटी ‘वॉल’ नावाची सोय सुरू केली. ती एसक्यूलाईटमध्ये २०१० साली आली. आपल्या वाणीदादांना ती विनासायास समजेल. दिवसाचा व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहायचा आणि सवडीनं खतावणी करायची, तसंच हे. नवं लिखाण मुख्य फाईलमध्ये न जाता शेजारच्या दुसऱ्या फाईलमध्ये साठतं आणि मधून मधून मुख्य फाईलमध्ये चढवलं जातं. वाचणारा आपण सुरू केलं त्या क्षणापर्यंतचं बघत राहतो, त्यामुळे वाचणाऱ्यानं लिहिणाऱ्याला अडवायचं कारण उरत नाही आणि लिहिणाऱ्यानं वाचणाऱ्याला. लिहिणारा मात्र तरीही एका वेळी एकच.

यात मी आणखी एकदा तोंडघशी पडणार होतो. रोज रात्री मी मुख्य फाईल पेनड्राईव्हवर उतरवून घरी नेत असे. प्रोग्राम चालू असताना नुसती खातेवही उचलून नेली आणि रोजकीर्द टेबलावरच राहिली तर? त्या दिवसाचा व्यवहार घरी पोचणारच नाही. आता एसक्यूलाईटची स्वतःची प्रत काढण्याची सोय वापरतो. तसंच कार्यकारिणीतल्या एका उत्साही सदस्यानं सुचवलं होतं की फाईल शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ठेवून दोन्ही संगणकांवरून थेट उघडावी. वॉल तसं चालत नाही, सगळे धागे एकाच यंत्रावर असावे लागतात. आमची फाईल तिच्या टेबलाखालच्या डब्यात आहे आणि तिथेच राहील.

भाचा म्हणतो, मोठ्या कामात याहून सोपी एक रीत आहे. लिहिण्याचं काम एकाच धाग्याकडे द्यायचं, बाकीच्यांनी आपापल्या चिठ्ठ्या त्याच्या पेटीत टाकायच्या, तो एकेक काढून लिहील. कारकून एक, अर्जदार अनेक. मला ती रीत मनापासून पटली, पण दोन टेबलांच्या वाचनालयाला कशाला? एसक्यूलाईटवाल्यांचं स्वतःचं मत तर असं की धागे ही गोष्टच वाईट, जमेल तितकी टाळावी. त्यासाठी ते बर्कलीच्या एडवर्ड ली या प्राध्यापकांच्या २००६ च्या निबंधाकडे बोट दाखवतात. निबंध मी वाचला, निम्मा डोक्यावरून गेला. जो निम्मा कळला त्यात हे होतं की धाग्यांचे प्रोग्राम कधी कोणत्या क्रमानं चालतील ते माणसाला मनात धरवत नाही, आणि म्हणून वर्षानुवर्षं नीट चाललेला प्रोग्रामही एक दिवस अडकतो. माझ्या दोन वर्षांची आठवण झाली.

त्या दोन ११८ क्रमांकाच्या पावत्या मी मागून घेतल्या आणि दोघांना नव्या क्रमांकाच्या दिल्या. आजोबा म्हणाले, “गुरुजी, संगणकानं चूक केली होय?” मी म्हटलं, “नाही हो, मी केली.” त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

२०२४ च्या दिवाळीत दोन्ही टेबलं पुन्हा लागली. गल्ला रोज जुळला. ती वहीत नोंदी अजूनही करते, मी कधी बंद कर म्हटलं नाही. आता रविवारी सकाळी तासभर पायथॉन शिकायला येते. मागच्या महिन्यात तिनं विचारलं, “सर, एकच अंक दोघांनी एकदमच दिला तर? अगदी एकाच क्षणी?” मी उत्तर सांगणार होतो, पण म्हटलं, करूनच बघू. तीन म्हणून दोघांनी आपापल्या टेबलावर बटण दाबलं. तिच्या पडद्यावर ‘दिला’ असं आलं. माझा पडदा क्षणभर थांबला आणि मग म्हणाला, हा अंक आत्ताच दुसऱ्या टेबलावरून गेला आहे.

“परत एकदा करू या,” ती म्हणाली.